पहिली बोल्ट ॲक्शन रायफल: पैसे कुठे वाचवावेत, कुठे नाही

हरणाच्या शिकारीसाठी पहिली बोल्ट ॲक्शन रायफल, म्हणजे दर गोळीआधी बोल्ट (मागची सरकती कडी) हाताने मागेपुढे करायची रायफल, घ्यायची आहे, बजेट बेताचं आहे, तर सॅव्हेज ॲक्सिस घ्यावी की रुगर अमेरिकन, असं तुम्ही विचारलंय. नेमाच्या बाबतीत दोन्हींवर विश्वास ठेवा. स्वस्त म्हणजे वाकडी मारणारी, हे दिवस गेले. सॅव्हेजने 1958 साली 110 मॉडेलमध्ये नळी नटाने आवळायची पद्धत आणली. गेज (चेंबरमध्ये काडतूस नीट बसेल का, हे तपासायचं माप) लावून नळी हवी तेवढी फिरवायची आणि नट आवळायचा. कारागिराने तासून जुळवत बसायची गरज उरली नाही. या दोन्ही रायफलींत तीच युक्ती आहे.

काटकसर दिसते ती दस्त्यात, म्हणजे खांद्याला लावायच्या आणि नळीखाली हाताने धरायच्या भागात. रायफल हातात घेतलीत की आधी चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतुसाची जागा) रिकामं असल्याची खात्री करा, मग दस्त्याचं पुढचं टोक आणि नळी एकत्र मुठीत धरून दाबा. प्लास्टिक वाकून नळीला टेकलं, तर टेकू देऊन मारताना गोळी नेमापासून सरकू शकते. आणखी एक, नळी आणि दस्त्याच्या मधून कागदाची पट्टी घालून मागे ओढा. ती ॲक्शनपर्यंत (बोल्ट बसतो त्या धातूच्या भागापर्यंत) न अडकता गेली पाहिजे.

मला विचाराल तर मी रुगर घेईन. तिचा बोल्ट 70 अंशांतच उघडतो, त्यामुळे स्कोप (नेमाची दुर्बीण) खाली बसवला तरी बोल्टच्या दांडीला बोटं लावायला जागा राहते. चाप ओढायला लागणारा जोरही कमी-जास्त करता येतो. ॲक्सिस आवडली असेल तर साध्या मॉडेलऐवजी ॲक्युट्रिगर (सॅव्हेजचा जोर कमी-जास्त करता येणारा चाप) असलेली ॲक्सिस टू बघा. चाप जड असेल तर तो ओढता ओढताच नेम हलतो. पण खांद्याला लावल्यावर डोळा आपोआप स्कोपच्या मध्यावर येतो का, हे यापेक्षाही महत्त्वाचं. तसा येत असेल तर माझी पसंती विसरा.

सोबत मिळणाऱ्या स्कोपच्या मोहात मात्र पडू नका. माझी पहिली रायफल तशीच जोडीने घेतलेली. दर थोड्या गोळ्यांनी नेम सरकायचा आणि मी नळीला दोष देत महिनाभर काडतुसं बदलत राहिलो. शेवटी स्कोप हलवून पाहिला, तर त्याला रायफलीवर धरणाऱ्या रिंगचे स्क्रू सैल! ते आवळले, पण संध्याकाळी त्या काचेतून झाड आणि जनावर वेगळं कळेना, ते कळेनाच. रायफलीत वाचलेले पैसे चांगला स्कोप, मजबूत रिंग आणि सरावाच्या गोळ्यांत घाला.

काडतूस .308 विंचेस्टर किंवा 6.5 क्रीडमूर घ्या. हरणाला दोन्ही पुरेशी आहेत. क्रीडमूरचा धक्का कमी, .308 जवळपास कुठेही मिळतं. मॅग्नम, म्हणजे जास्त दारूचं जोरदार काडतूस, नकोच. हलक्या रायफलीतून त्याचा धक्का खाल्ला की माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला शिकतो, आणि ती सवय सुटता सुटत नाही. नेम बसवताना तीन गोळ्या झाल्या की नळी गार होऊ द्या. पातळ नळी तापली की गोळ्या पसरतात, आणि शिकारीत पहिली गोळी थंड नळीतूनच सुटते. म्हणून थंड नळीची पहिली गोळी कुठे लागते, ते दर वेळी वहीत लिहून ठेवा.