वाचकांचे प्रश्न : खुर्ची कुणाला, सतरंजी कुणाला?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यात आमची चाळीसेक घरांची ख्रिस्ती मंडळी आहे. दिवाळीनंतर कापूस वेचणीला मेळघाटातली कोरकू कुटुंबं येतात. काही जण रविवारी उपासनेला येतात, मागं दाराशी सतरंजीवर बसतात आणि आशीर्वाद झाला की निघून जातात. पाळकसाहेब दर वेळी पुढून त्यांचं स्वागत करतात, तरी ते मिसळत नाहीत. काय करावं?

उत्तर : आधी ती सतरंजी बघा. खुर्च्या गावकऱ्यांच्या अन् सतरंजी मजुरांची, असं कुणी ठरवलेलं नसतं. पण नवखा माणूस ते दारातूनच ओळखतो. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात नेमकं हेच आहे : सोन्याच्या अंगठीवाल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला, तिथं उभा राहा, नाहीतर माझ्या पायाशी बस. खुर्च्या पुरत नसतील तर सगळेच खाली बसा. म्हाताऱ्यांना अन् गुडघे दुखणाऱ्यांना तेवढ्या खुर्च्या ठेवा.

पुढून होणारं स्वागत बंद केलं तरी चालेल. उभं करून टाळ्या वाजवल्या की सगळ्यांच्या माना वळतात, आणि लाजरा माणूस पुन्हा येत नाही. दाराशी एक बाई अन् एक पुरुष ठेवा. नाव विचारायचं, आपल्या शेजारी बसवायचं, गीतपुस्तकाचं पान काढून द्यायचं, बस. जात कोणती, विश्वासी आहात का, हे पहिल्या दिवशी नको. धान्य-कपडे देताना फोटो तर कधीच नको.

कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीहून अगदी निराळी. त्यांना हिंदी सोपी जात असेल तर शास्त्रपाठ हिंदीतही वाचा. दहा-बारा वचनं पुरेत. निदान दोन गीतं अशी घ्या की एकानं ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी मागून. वाचता न येणाराही मग गातो. (रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग रचले ते उगाच नाही.)

वेळेचंही बघा. वेचणीची मजुरी किलोवर असते आणि दव वाळलं की काम सुरू होतं. सकाळी साडेदहाची उपासना म्हणजे त्यांची अर्ध्या दिवसाची मजुरी गेली. तुमच्याकडे बाजाराच्या दिवशी कामाला सुट्टी असेल तर त्या संध्याकाळी पाऊण तासाची प्रार्थनासभा ठेवा.

प्रश्न : प्रभुभोजनात (भाकर-द्राक्षरसाच्या विधीत) त्यांना घ्यावं का? आणि नंतरच्या जेवणात?

उत्तर : प्रभुभोजनाचा नियम तुमच्या पाळकांना विचारा, बहुतेक मंडळ्यांत बाप्तिस्मा लागतो. गडबड होते ती ऐन रांगेत एखाद्याला थांबवल्यानं. नियम आधीच सगळ्यांसमोर दोन वाक्यांत सांगा, आणि बाकीच्यांना पुढं येऊन आशीर्वाद घेता येईल असं करा.

जेवणाला असा काही नियम नाही. करिंथ शहरातल्या मंडळीत काही जण आधीच जेवून घेत अन् गरीब उपाशी राहत. प्रेषित पौलानं त्यांना खडसावलं आणि एकमेकांसाठी थांबा म्हणून लिहिलं (१ करिंथ ११:३३). म्हणून पंगत एकच बसवा. ६० माणसांना ६ किलो तांदूळ, ३ किलो तूरडाळ आणि ७-८ किलो आलू-वांगे लागतात. मटणाचा बेत टाळा, म्हणजे न खाणाऱ्यांसाठी वेगळी भांडी अन् वेगळी पंगत होत नाही. ताटं-पेले सगळ्यांना सारखे. गावकऱ्यांना स्टीलची आणि पाहुण्यांना पत्रावळ, असं हमखास होतं, कारण स्टीलची ताटं कमी पडतात. मग सगळ्यांनाच पत्रावळ द्या. वाढायला त्यांच्यातलेही दोघं-तिघं घ्या. उरलेलं बांधून द्यायचं तर घरोघरी द्या, एकट्या मजुरांना नको.