व्हिटसंडेच्या बोटीवर चढण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

ऑस्ट्रेलियाच्या वर्क अँड हॉलिडे व्हिसाच्या सोडतीत नाव लागलं, आता एअर्ली बीचहून व्हिटसंडे बेटांची दोन रात्रींची शिडाची बोट घ्यायची म्हणतेस. तुझा प्रश्न एवढाच आहे की कुठली बोट चांगली. आधी हे ठरव, की तुला काय जमत नाही. पोहता किती येतं, बोट लागते का, अनोळखी माणसांत झोप येते का, याची खरी उत्तरं दिलीस की निम्म्या बोटी आपोआप गळतात.

तिथे साधारण दोन जातीच्या बोटी मिळतात. एक म्हणजे शर्यतीतून निवृत्त झालेली लांबलचक यॉट. वीस-पंचवीस पोरं, पोटात दाटीवाटीने बंक म्हणजे झोपायच्या फळ्या, वारा भरला की बोट एका अंगावर कलते आणि सगळे वरच्या कडेला पाय सोडून बसतात. मजा खरी तिथेच, पण झोप नाही. दुसरी कॅटमरान, दोन अरुंद होड्या शेजारी जोडल्यासारखी. ती फारशी कलत नाही, डेकवर ऐसपैस जागा असते, मात्र शीड चालवल्याचा अनुभव अर्धाच. काही बोटींवर दुहेरी बंक असतो आणि एकट्या प्रवाशाला अनोळखी माणसाशेजारी झोपवतात. बुकिंग करतानाच सिंगल बंक मिळेल का, नाहीतर शेजारी बाईच असेल ना, हे विचार. मरीन पार्कचं शुल्क, स्टिंगर सूटचं (जेलीफिशपासून वाचवणाऱ्या अंगभर सूटचं) भाडं आणि टॉवेल तिकिटात धरलेत का, तेही विचार. जाहिरातीतला आकडा बऱ्याचदा यांच्याशिवायचा असतो.

जेवणाबद्दल व्हेजिटेरियन एवढंच लिहून भागत नाही. तिकडे अंडं त्यातच धरतात आणि मासा चालेल असं समजणारेही भेटतात. मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, असं तोडून लिही.

सामान मऊ पिशवीतच ने. चाकांची बॅग बंकखाली मावत नाही, ती किनाऱ्यावर ठेवून जावी लागते. डेकवर अनवाणी राहायचं. दारू स्वतःची नेऊ देतात, पण काचेची बाटली नाही आणि बऱ्याच ठिकाणी रेड वाइनही नाही, डाग जात नाहीत म्हणून. अंघोळीचं गोडं पाणी मोजकं, दोन मिनिटांत उरकायचं. शौचालय पंपाचं असतं. त्यात कागदसुद्धा टाकू नकोस, सॅनिटरी पॅड तर नाहीच. एकाच्या चुकीने नळी तुंबते आणि दोन दिवस सगळ्या बोटीला वास सोसावा लागतो.

बोट लागण्याची गोळी निघण्याआधी तासभर घ्यायची. ओकारी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. गोळीने गुंगी येते, म्हणून आदल्या दिवशी जमिनीवर एक घेऊन बघ. मळमळलं की खाली बंकमध्ये जाऊन पडावंसं वाटतं, तेच करायचं नाही. डेकवर मागच्या बाजूला बस, नजर क्षितिजावर ठेव, मोबाइल खिशात. आलेपाक बरोबर असला तर उत्तम. उलटी करायचीच तर कललेल्या, म्हणजे खालच्या कडेला. वाऱ्याकडे तोंड करून केलीस तर शेजारी माफ करणार नाहीत.

शीड ओढायला बोलावतील तेव्हा जा. विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या फिरत्या ड्रमवर, दोर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे तीन वेढे घालायचा, बोटं ड्रमपासून वीतभर लांब, आणि दोर मनगटाला कधी गुंडाळायचा नाही. वाऱ्याने एक हिसका दिला तर हात दोराबरोबर आत जातो. बोट दिशा बदलते तेव्हा आडवी काठी, बूम, डोक्याच्या उंचीवरून सपकन पलीकडे जाते. तेव्हा उभं राहायचं नाही, बुडावर सरकत पलीकडची कड गाठायची.

आता स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघणं. मालवणला केलं असशील तर ते विसर. तिथे गाईड रिंग धरून तुला फिरवतो, फोटोही तोच काढतो. इथे छोट्या रबरी होडीतून पाण्यात सोडतात, एक जण होडीवरून लक्ष ठेवतो, बाकी तुझं तू. म्हणूनच चढताना आरोग्याचा फॉर्म देतात. दमा, फिट, हृदयाचा त्रास, चालू औषधं, सगळं खरं लिही. पोहता येत नसेल तर तेही. नूडल (फोमची तरंगती काठी) किंवा लाइफ जॅकेट मिळतं आणि त्यांची नजर तुझ्यावर जास्त राहते. लाजून 'येतं' म्हणणारी माणसंच अडचणीत येतात.

मास्कपाशी मात्र वेळ काढ. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकव, नाकाने हलका श्वास आत ओढ आणि हात सोड. तो चिकटून राहिला तर तुझ्या मापाचा. पडला तर दुसरा माग, पट्टा आवळून काही होत नाही. उलट जास्त आवळला की रबराची कड दुमडते आणि तिथूनच पाणी येतं. गळण्याचं दुसरं कारण कडेखाली अडकलेले केस, म्हणून वेणी मानेपाशी घाल आणि कपाळावरची बट मागे घे. पट्टा कानांवरून नाही, डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर. काचेला आतून थुंकी चोळून एकदाच विसळ, नाहीतर धुकं धरतं. आत पाणी शिरलं तर मास्क काढायचा नाही. डोकं पाण्याबाहेर काढ, खालची कड जराशी उचल, पाणी निघून जाईल. नळीत पाणी आलं की जोरात एक फुंकर, मग पहिला श्वास सावकाश. नळीचं तोंडातलं टोक दातांनी हलकेच धर, नाहीतर वीस मिनिटांत जबडा दुखायला लागतो.

हे सगळं पहिल्यांदा समुद्रात करू नकोस. एअर्ली बीचवर किनाऱ्यालगत मोठा लगून, म्हणजे पोहायचा तलाव, बांधलाय, फुकट आहे आणि आत जेलीफिश येत नाहीत. आदल्या दिवशी तासभर तिथे घालव.

जेलीफिशचा मोसम नोव्हेंबर ते मे. बॉक्स जेलीफिश आणि नखाएवढी इरुकांजी, दोन्ही जीवघेण्या ठरू शकतात. लायक्राचा स्टिंगर सूट हातमोजे आणि टोपीसकट घाल. इतर महिन्यांतही घाल, पाठ भाजत नाही. डंख बसला तर चोळायचं नाही, गोडं पाणी ओतायचं नाही. किमान तीस सेकंद व्हिनेगर, आणि लगेच बोटीवर सांगायचं. इरुकांजीचा डंख सुरुवातीला मामुली वाटतो. पाठदुखी, घाम आणि उलट्या अर्ध्या तासाने सुरू होतात.

प्रवाळावर उभं राहायचं नाही, हातही लावायचा नाही. ते मरतं आणि त्याने आपल्याला झालेला ओरखडा लवकर भरत नाही. जाताना प्रवाहाविरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर परत येणं सोपं पडतं. जोडीदार हाताच्या अंतरावर असू दे. बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेऊ नकोस, वर येताना शुद्ध हरपू शकते. सिड हार्बरमध्ये पोहायचंच नाही. २०१८ साली तिथे शार्कचे तीन हल्ले झाले, एकात माणूस गेला.

पाणी फोटोतल्यासारखं काचेसारखं असेल असं धरू नकोस. इथे भरती-ओहोटीचा फरक मोठा, त्यामुळे गाळ ढवळतो आणि बेटांभोवतीच्या प्रवाळावर बऱ्याचदा पाच-दहा मीटरच दिसतं. हुक बेटाच्या मँटा रे बे आणि लंचन बे, हेमनची ब्लू पर्ल बे, इथे तरीही मासे भरपूर. नितळ पाणीच हवं तर बाहेरच्या रीफची, म्हणजे प्रवाळरांगेची, वेगळी दिवसाची सहल आहे. हार्डी रीफ सत्तरेक किलोमीटर आत, शिडाच्या बोटी बहुधा तिथवर जात नाहीत. वाऱ्याचं म्हणशील तर एप्रिल ते ऑगस्ट आग्नेयेचे वारे जोरात असतात. शीड चालवायला छान, पोटाला नाही.

राहिला व्हाइटहेवनचा किनारा. सात किलोमीटरची वाळू, जवळजवळ शुद्ध सिलिका, म्हणून पाय भाजत नाहीत. पण पिठासारखी बारीक, मोबाइलच्या भोकात शिरली की निघत नाही. मोबाइल पिशवीत बंद ठेव आणि आठवण म्हणून वाळू खिशात घालू नकोस, मनाई आहे. टंग बेला उतरून चढ चढलं की वरून हिल इनलेट दिसतं. निळ्या पाण्यात पांढऱ्या वाळूच्या ज्या वळ्या फोटोत बघतेस, त्या ओहोटीलाच. भरतीला वर उभी राहिलीस तर नुसतं निळं पाणी. बोट तुझ्यासाठी वेळ बदलत नाही, पण तारीख तुझ्या हातात आहे. दोन-तीन तारखा कळव, भरती-ओहोटीचं कोष्टक बघून कुठली घ्यायची ते सांगतो.

तुझा,
काका