मंडळातल्या मुलांना समुद्रातले जीव प्रत्यक्ष दाखवायचे आहेत, मुंबईत कुठे न्यावं?

बारा ते सोळा वयाची वीसेक मुलं आहेत आणि त्यांनी जीव हाताळून शिकावं, असं तुम्ही लिहिलंय. मी तीन वर्षं आमच्या चाळीतल्या मुलांना वांद्र्याला, कार्टर रोडच्या खडकांवर नेते. माझा आग्रह एकच: जागेआधी ओहोटी ठरवा.

पंचांग उघडा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी साधारण साडेपाचच्या सुमाराला, पहाटे आणि संध्याकाळीही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी सगळ्यात लांब जातं. अष्टमीच्या भांगात, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असताना गेलात तर फारसं काही उघडं पडत नाही. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून पक्की करा आणि तासभर आधी उतरा.

तिथे मुलांना मोकळं सोडू नका, चौघांना एक डबकं वाटून द्या आणि अर्धा तास तिथेच बसवा. खडकावरचे पांढरे टोकदार खवले मुलांना दगडच वाटतात. ते बार्नेकल, खेकड्यांचे भाऊबंद. डोक्याकडची बाजू खडकाला चिकटवून पाय बाहेर काढतात आणि पाण्यातलं अन्न पायांनीच ओढून घेतात. सावली न पाडता पाच मिनिटं बघत राहिलं तरच हे दिसतं. समुद्रफूल हा प्राणीही पाण्याबाहेर नुसता लिबलिबीत गोळा असतो, डबक्यात मात्र पूर्ण उमललेलं सापडतं.

हाताळण्याबद्दल मी आता फार कडक झाले आहे. पहिल्या वर्षी एका मुलीने रिकामा समजून एक शंख खिशात टाकला. रात्री त्यातून खेकडा बाहेर आला, सकाळी तो खिडकीत मेलेला होता. ती दिवसभर रडली. शंख रिकामा दिसला तरी आत बघायचं, हे मीच तिला सांगितलं नव्हतं. आता आम्ही रिकामे शंखही आणत नाही, कारण असा शंखात राहणारा खेकडा वाढला की त्याला मोठा शंख शोधावा लागतो.

नक्षीदार, शंकूच्या आकाराचा शंख तर कुणीही उचलायचा नाही. आतली गोगलगाय विषारी दात मारते. उलटवलेला दगड होता तसाच परत ठेवायचा. हाजी अली, वरळीच्या खडकांवर प्रवाळ आहेत, त्यांना १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तुकडासुद्धा तोडायचा नाही. चप्पल नको, बंद बूट हवेत, कालवांच्या कडा पात्यासारख्या कापतात. पावसाळ्यात नेऊच नका. लाटा तर असतातच, शिवाय जुहू-गिरगावला डंख मारणारे, जेलीफिशसारखे दिसणारे निळे ब्लूबॉटल वाहून येतात.

पहिल्यांदा जाणकार सोबत हवा असेल तर 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'वाले २०१७पासून किनाऱ्यावर फेऱ्या काढतात, त्यांना विचारा. फार लहान मुलं असतील तर ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र बरं.

आणि कालवं काढणाऱ्या कोळणी भेटल्या तर मुलांना त्यांच्याशी बोलू द्या. गेल्या खेपेला एका मावशींनी आमच्या मुलांना ओहोटीसाठी 'सुकती' हा शब्द दिला, कुठल्या फटीत खेकडा बसतो ते दाखवलं. मग एकदम उठून म्हणाल्या, "पाणी फिरलं, चला वर." माझ्या तक्त्याप्रमाणे अजून दहा मिनिटं बाकी होती. आम्ही निघालो.