उठवायचं तर त्याला उठव

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

वाहक म्हणून कॉलेजच्या वेळेची एसटी तुझ्याकडे आली आणि मागच्या बाकड्यांपाशी पोरींना त्रास होतो हे तुझ्या लक्षात आलं. काय करू, असं विचारलंस. आपल्या आगारात बहुतेक जण काय करतात ते तू पाहिलंच असशील. मुलगी कसनुसं तोंड करून उभी दिसली की वाहक म्हणतो, "ताई, तुम्ही पुढे या." ती पुढे येते, गाडी शांत होते, वाहकाला काम झाल्यासारखं वाटतं. जो माणूस कोपर घालत होता तो तिथेच राहतो आणि पुढच्या थांब्यावर त्याच्या शेजारी दुसरी मुलगी येऊन उभी राहते. उठवायचं तर त्याला उठव. "ओ दादा, तुम्ही इकडे या, माझ्याजवळ उभे राहा." एवढंच, पण सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात. कारण सांगायची गरज नाही. तुझ्या गाडीत कुणी कुठे उभं राहायचं हे सांगायला तुला कुणाची परवानगी लागत नाही.

तो म्हणेल, गर्दी आहे, धक्का लागणारच. लागतो की. पण धक्का लागला तर माणूस मागे सरकतो, ब्रेक लागून गेला की सावरतो. दर वेळी त्याच बाजूला झुकणारा माणूस तुला आठवड्याभरात ओळखू येईल. ही माणसं रोजची असतात, ठरलेल्या थांब्यावर चढतात आणि मोकळी जागा सोडून गर्दीत शिरतात. तिकीट फाडताना, आता मशीनवर काढताना, नजर फक्त सुट्ट्या पैशांवर ठेवू नकोस. पूर्वी आम्ही वाहक तिकिटाला भोक पाडायचा चिमटा दांड्यावर टकटक करत गाडीभर फिरायचो. त्या आवाजानेही काही हात आवरायचे. मशीन आल्यापासून बरेच वाहक पुढच्या सीटवर बसूनच हिशेब जुळवतात. तू फिर. शेवटच्या बाकापर्यंत जा आणि परत ये.

आणि आधी स्वतःचा हात सांभाळ. कुणालाही खांद्याला हात लावून "तिकीट" म्हणायचं नाही. गर्दीतून वाट काढताना मशीन पोटाशी धरायचं आणि तोंडाने वाट मागायची. जो वाहक स्वतः अंगचटीला येतो त्याच्याकडे कुठली मुलगी तक्रार घेऊन येईल?

१७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. गाडीत बायका वाढल्या, चांगलंच झालं. पण राखीव सीटा होत्या तेवढ्याच आहेत, त्यामुळे "राखीव जागेवर बसा ना" हे उत्तर आता चालत नाही. अख्खी गाडीच त्यांना बसता-उठता येईल अशी हवी.

शाळेच्या मुलींबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुझ्या गाडीत त्याच जास्त. बारावीपर्यंत त्यांना एसटीचा पास फुकट आहे, काही तालुक्यांत मुलींसाठी सरकारच्या मानव विकास योजनेतल्या निळ्या गाड्या आहेत. तरीही एखादी अचानक यायची थांबते. घरी "गाडीत एक जण त्रास देतो" एवढं बोललं की त्या माणसाचं काही होत नाही, मुलीची शाळा मात्र बंद होते. म्हणून त्या बोलत नाहीत. तेव्हा "घरी सांग" हे पहिलं वाक्य नको. पहिलं वाक्य असं हवं, "उद्या ये, मी आहे, तो तुझ्याजवळ उभा राहणार नाही." आणि तसं खरंच कर.

पण इथे एक गाठ आहे, ती तुला आधीच माहीत असू दे. मुलगी अठराच्या आतली असेल आणि लैंगिक त्रास झाल्याचं तुला कळलं असेल, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं तुझ्यावर बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. ते तिच्यापासून लपवू नकोस. शाळेतल्या एखाद्या बाईंना बरोबर घे, त्या घरी बोलतील. घरचे तुझ्यापेक्षा त्यांचं ऐकतात.

मोठ्या बाईची तक्रार असेल तर निर्णय तिचा. तिला हवं असेल तर गाडी वाटेतल्या पोलीस ठाण्यावर घ्यायची. उशीर होतो म्हणून लोक कुरकुरतील, करू देत. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे: विनयभंगाला कलम ७४, लैंगिक छळाला ७५, पाठलागाला ७८, अश्लील शेरे-हावभावाला ७९. "ही आमची हद्द नाही" असं ठाणेदार म्हणाला तर ऐकून परत फिरू नकोस. शून्य क्रमांकाने गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, आणि धावत्या गाडीत नेमकी हद्द कोण सांगणार? तिचा जबाब महिला अधिकाऱ्याने नोंदवायचा असतो, तेही सांग. पोलिसांचा ११२ फोनमध्ये ठेव, महिला हेल्पलाइनचा १८१ सुद्धा. जवळ बसलेल्या दोघा-तिघांची नावं, फोन नंबर उतरायच्या आत घे. नंतर कोणी सापडत नाही. मारहाण मात्र होऊ देऊ नकोस. लोकांनी त्याला बदडलं की गाडीभर मारामारीचीच चर्चा होते, बाईची तक्रार बाजूला पडते. शिवाय कधी भलताच मार खातो. आणि काय झालं ते तिला सगळ्यांसमोर पुन्हा पुन्हा सांगायला लावू नकोस.

चालकाशी सुटण्याआधी बोलून घे. एक घंटी थांब, दोन घंटी चल, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक. "काहीतरी बिनसलंय" याची खूण तुम्ही दोघांनी ठरवायची. रात्री आतले दिवे बंद ठेवण्यावरून तुमचं वाजेल. काचेवर उजेड पडला की त्याला रस्ता दिसत नाही, हे त्याचं खरं आहे. पुढचा दिवा बंद, मागचे सगळे चालू, असं ठरवा. गाडीला संकटात दाबायचं लाल बटण असेल तर ते चालतं का, हे आगारातच पाहून घे.

स्वारगेटचं विसरू नकोस. २५ फेब्रुवारी २०२५ ची पहाट. फलटणला निघालेल्या तरुणीला एका अनोळखी माणसाने "तुमची गाडी तिकडे लागलीय" म्हणून उभ्या शिवशाहीकडे नेलं, आणि त्या अंधाऱ्या गाडीत तिच्यावर बलात्कार झाला, अशी फिर्याद आहे. लोक सुरक्षारक्षकांबद्दल बोलले, ते बरोबरच. मला मात्र दुसरंच टोचतं. आपली गाडी कुठे लागते हे प्रवाशाला वाटेल त्याला विचारावं लागतं. स्थानकात गाडी लागली की खाली उतर, गावाचं नाव मोठ्याने पुकार. मुक्कामी गाडी सोडताना दार लावलंय का ते स्वतः बघ, झोप कितीही आलेली असो.

रात्री फाट्यावर एकटी बाई उतरत असेल तर घ्यायला कोणी आलंय का विचार. आलं नसेल तर गाडी पुढे नेऊन उजेडात, उघड्या टपरीपाशी थांबवायला सांग. तिच्या मागोमाग विनाकारण कोणी उतरायला लागला, तर त्याचं तिकीट कुठवरचं आहे ते तुझ्या मशीनलाच माहीत असतं. विचार त्याला.

जे घडेल ते त्याच दिवशी लेखी दे, वाहतूक नियंत्रकाची सही घे आणि एक प्रत घरी ठेव. "कशाला लिहितोस, निस्तरलं ना" म्हणणारे आगारात भेटतील. त्यांना चहा पाज आणि लिही.

तुझी,
ताई