ओव्याच्या फुलानं तेल्या जात नाही

प्रश्न (सांगोला): मृग बहाराच्या (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणाऱ्या) डाळिंबावर तेल्या रोगाचे डाग आलेत. दुकानदार थाइम तेलाची बाटली देतोय, 'नैसर्गिक आहे, जास्त पडलं तरी चालतं' म्हणतोय. मारू का? बागेत मधपेट्याही आहेत.

उत्तर: मारू नका. त्या बाटलीत काम करतं ते थायमॉल, म्हणजे आपल्या ओव्याचं फूल. अमृतधारेत कापराबरोबर घालतात तेच. ते जंतूच्या पेशीचं आवरण फोडतं, हे खरं. पण तेल्याचा जिवाणू पानाच्या आत शिरलेला असतो, आणि थायमॉल आपल्या उन्हात वरच्या वर उडून जातं.

कोवळ्या पालवीलाही ते सोडत नाही. एका बागेत पंपाला दोन झाकणं टाकून भर दुपारी फवारलं होतं. तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा चहाच्या चोथ्यासारख्या काळपट, आणि कळी बोट लागताच गळत होती. हे तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं. पंप सतत ढवळला नाही तर शेवटच्या झाडांवर निव्वळ तेल पडतं.

नैसर्गिक आहे म्हणून डोस वाढवायचा नाही. दुपारी फवारायचं नाही. बाटलीवर नोंदणी क्रमांक आणि डाळिंबाची शिफारस छापलेली नसेल तर दुकानदार काहीही म्हणो, घ्यायचीच नाही. पक्कं बिल मागा, निम्मे तिथंच गप्प होतात.

डागी फळं-पानं वेचून जाळा, बांधावर टाकू नका. छाटणीची कात्री दर झाडाला निर्जंतुक करा. विश्रांतीच्या काळात १ टक्का बोर्डो मिश्रण फवारा, म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. मिश्रण तपासायला त्यात लोखंडी विळा बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे, अजून घाला. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा. आणि तेल्या दरसाल येत असेल तर मृगाचा हट्ट सोडा, पाऊस ओसरताना फुलणारा हस्त बहार धरा. पावसात फळ पोसायचं आणि तेल्याला नावं ठेवायची, हे मी दरवर्षी बघतो.

पेटीतही थायमॉल नको. थंड देशात मधमाश्यांवरच्या कोळ्यांसाठी (अंगाला चिकटणारे बारीक परजीवी) ते वापरतात. आपल्या उन्हाळ्यात त्याची वाफ इतकी होते की माश्या पेटीही सोडू शकतात. फुलोऱ्यात फवारणी लागलीच तर सूर्य मावळताना. नवीन पेट्यांना मध केंद्र योजनेत ५० टक्के अनुदान आहे, खादी ग्रामोद्योग मंडळाच्या जिल्हा कार्यालयात विचारा.