मासा अजून पाण्यात आणि भांडण आत्ताच!

प्रश्न : आम्ही मित्रमंडळी ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या केप कॉडहून ब्लूफिन ट्यूना पकडायला चार्टर बोट (कॅप्टनसकट भाड्याची) घेतोय. कॅप्टन फोनवर म्हणाला की ७३ इंचांच्या वरचा मासा लागला तर तो बोटीचा, तुम्हाला त्यातले थोडे तुकडे देऊ. अहो पैसे आम्ही भरणार, घाम आमचा, आणि मासा त्याचा? जपानमध्ये एक ट्यूना कोट्यवधीला गेला असं वाचलंय, त्यामुळे आमच्यात आत्तापासूनच जुंपलीय. आणि आम्ही सातजण आहोत, सातवा म्हणजे माझा दहा वर्षांचा मुलगा, तो धरतात का मोजणीत?

आधी मुलाचं सांगतो कारण ते सोपंय. धरतात. अशा बहुतेक छोट्या चार्टर बोटींना कोस्ट गार्डच्या नियमाने जास्तीत जास्त सहाच प्रवासी नेता येतात, वय बघत नाहीत, त्यामुळे एकजण किनाऱ्यावर नाहीतर मोठी बोट बघा. "चल रे, पोरगंच आहे" म्हणून सातवा घेणारा कॅप्टन भेटला तर दुसरा शोधा, एक नियम मोडणारा बाकीचे किती पाळत असेल?

आता माशाचं. बाजारात तुरी म्हणतात ते हेच, पण तुमचा कॅप्टन लबाडी करत नाहीये हे आधी डोक्यात घ्या. अमेरिकेत ब्लूफिनची लांबी वरच्या जबड्यापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत, अंगाच्या गोलाईवरून टेप लावून मोजतात. २७ इंचांच्या आतला सोडायचाच. २७ ते ७३ मधला हौशी लोकांचा, तो ठेवता येतो, पण दिवसाला बोटीमागे किती आणि कुठल्या मापाचे ते नोआ फिशरीज, म्हणजे अमेरिकन सरकारचं मासेमारी खातं, ठरवतं आणि सीझनच्या मधेच बदलतं, कधीकधी कोटा संपला की पूर्ण बंदही करतं. हा मासा विकता येत नाही, कोणालाच, कॅप्टनलाही नाही. ७३ च्या वरचा हौशी म्हणून ठेवायचा तर तो ट्रॉफी मासा, आणि असा मासा एका बोटीला अख्ख्या वर्षात एकच, तोसुद्धा त्या भागाचा ट्रॉफी कोटा शिल्लक असेल तर. म्हणजे तुमच्याआधी जूनमध्ये कोणीतरी त्या बोटीवर तो ठेवून गेला असेल तर तुमच्यासाठी तो रस्ता बंद.

मग उरतं काय, तर मोठा मासा कमर्शियल म्हणून धरायचा आणि विकायचा. चार्टर परमिटवर विक्रीची वेगळी मंजुरी असेल तर कॅप्टनला ते करता येतं, पण फक्त परमिटवाल्या डीलरलाच, आणि विकणारा तो असतो, तुम्ही नाही. तुमच्याकडे परमिटच नाही तर तुम्ही तो मासा गाडीत टाकून न्यायचा कुठे? शिवाय त्या दिवशी बोटीने ठेवलेला पहिला ब्लूफिन कोणत्या मापाचा यावर बोट दिवसभर हौशी नियमात की कमर्शियल नियमात हे ठरतं. त्यामुळे सकाळी सातला पन्नास इंची मासा लागला आणि तुम्ही "ठेवूया ठेवूया" करून नाचलात की दुपारी दिसलेला राक्षस विकायचा विषयच संपतो. म्हणून काही कॅप्टन सकाळचा छोटा मासा सोडायला लावतात आणि गिऱ्हाईक चिडतं, कारण कोणी समजावूनच सांगितलेलं नसतं. माझी तक्रार आहे ती याच्यावर. नियम ठीक आहेत हो, पण बुकिंगच्या वेळी ते तोंडाने कोण सांगतो?

जपानच्या किमतीचं म्हणाल तर तो मासा ५ जानेवारी २०१९ चा, टोकियोच्या तोयोसू बाजारातला, २७८ किलो, ३३ कोटी ३६ लाख येन. पण तो नवीन वर्षाचा पहिला लिलाव होता, घेणारा सुशी हॉटेलांच्या साखळीचा मालक, आणि त्या बोलीत मासा कमी अन् जाहिरात जास्त असते. शिवाय तो जपानच्या ओमा गावाजवळचा पॅसिफिक ब्लूफिन, तुमचा अटलांटिकचा, जातच वेगळी. तुमच्या धक्क्यावर डीलर येतो, शेपटीजवळ काप घेतो, अंगात पोकळ सळई घालून मांसाची बारीक कांडी काढतो, रंग बघतो, चरबी बघतो आणि मग पौंडाचा भाव सांगतो, आणि उन्हाळ्यात आलेला रोडका मासा असेल तर तो भाव ऐकून कॅप्टनचं तोंड बघण्यासारखं होतं. आणि गंमत म्हणजे एकेकाळी याच किनाऱ्यावर ब्लूफिनला कोणी विचारत नव्हतं, मांजराच्या खाण्यात जायचा. १९७२ च्या ऑगस्टमध्ये कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड आयलंडचे मासे विमानाने टोकियोच्या बाजारात पोचले आणि मग सगळं पालटलं.

तर बुक करताना विचारायचं ते हे. आत्ता कुठल्या मापाचा किती ठेवता येतो, तुमचा ट्रॉफी मासा झालाय का, विक्रीची मंजुरी आहे का, मासा विकला तर आम्हाला भाड्यात सूट की नुसते तुकडे, आणि सकाळी छोटा लागला तर ठेवणार की सोडणार. काही कॅप्टन सूट देतात, काही साफ नाही म्हणतात, दोन्ही चालतं, पण उत्तर मेसेजमध्ये लिहून घ्या. आणि निघायच्या आठवड्यात परत विचारा, तोवर नियम बदललेले असू शकतात.

प्रश्न : माझी तब्येत किरकोळ आहे, जिममध्ये कधी गेलो नाही. इतका मोठा मासा ओढता येईल का मला? ओढायला किती वेळ लागतो?

दादा, ताकदीपेक्षा सवय लागते आणि ती मेट, म्हणजे कॅप्टनचा मदतनीस, तुम्हाला तिथल्या तिथे शिकवतो. राक्षसी माशासाठी जाड दोरी, मोठं रील आणि बोटीच्या कडेला फिरता होल्डर असतो, रॉड त्यात बसवलेला, तुम्ही फक्त हँडल फिरवायचं आणि दमलात की दुसऱ्याला द्यायचं. उभं राहून हार्नेस (अंगाला बांधायचा पट्टा) लावून खेळायची हौस असेल तर ते वेगळं, तिथे कंबर बोलते. वेळ म्हणाल तर मध्यम मासा अर्ध्या तासात येतो, मोठा एक तास, कधी तीन तास, आणि कधी दोन तासांनी दोरी सैल पडते आणि बोटीवर कोणी कोणाशी बोलत नाही.

मात्र फार लांबवायचं नसतं, त्याला कारण आहे. ब्लूफिन बाकीच्या बहुतेक माशांसारखा थंड नसतो, त्याच्या रक्तवाहिन्यांची रचना अशी की स्नायूंची उष्णता अंगातच राहते, म्हणून तर तो थंड पाण्यातही इतका जोरात पळतो. पण झुंज लांबली की तेच अंग आतून तापतं, आम्लता वाढते आणि मांस फिकट, भुसभुशीत होतं. म्हणून मासा वर आला की मेट लगेच रक्त काढतो आणि बर्फाच्या पाण्यात ढकलतो. तेव्हा फोटोसाठी अडवू नका त्याला. सोडायचा असेल तर डेकवर ओढू नका, पाण्यातच ठेवून बोट हळू चालवत कल्ल्यांतून पाणी जाऊ दे, शेपटी हलवून तो स्वतः निघाला की सोडा.

प्रश्न : ट्यूना नामशेष होत चाललाय ना? मग अशी ट्रिप करणं चुकीचं नाही का?

तुम्ही ऐकलंय ते २०११ चं. तेव्हा आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या यादीत अटलांटिक ब्लूफिन 'धोक्यात' होता. २०२१ मध्ये तो त्यातून बाहेर आला, कोटे कडक केल्याचा परिणाम. पण हा हिशोब पूर्ण अटलांटिकचा आहे, आणि मेक्सिकोच्या आखातात अंडी घालणारा पश्चिमेकडचा साठा अजून पूर्वीच्या मानाने बराच कमी आहे, असं त्याच वेळी सांगितलं होतं. मला विचाराल तर कोट्यात राहून एक मासा धरणं यात पाप नाही, पण पकडला की २४ तासांत नोंद करायची असते आणि ती कॅप्टन करतो ना हे बघाच, सगळा हिशोब त्या नोंदींवर चालतो. सोडूनच द्यायचा असा विचार असेल तर आधी सांगा, जाड सामान आणि सर्कल हूक (गोल वळलेला गळ) लावतात, मासा लवकर येतो आणि कमी दुखावतो.

प्रश्न : बोटीवरच कच्चा खाल्ला तर चालतो का?

ताजा आणि बर्फात ठेवलेला असेल तर खातात लोक, आणि छान लागतो. भीती वेगळीच आहे. उन्हात पडलेल्या ट्यूनात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवूनसुद्धा जात नाही, तोंड लाल, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात. घरी नेताना पेटीत बर्फ भरपूर घ्या. मोठ्या माशात पाराही जास्त असतो, त्यामुळे गरोदर बाई आणि लहान मुलांना नकोच.

प्रश्न : मला बोट लागते. काय करू?

गोळी आदल्या रात्री घ्या आणि सकाळी परत, कुठली ते डॉक्टरांना विचारा. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी समुद्रालाच मिळते. केबिनमध्ये आडवं व्हायची इच्छा होईल, जाऊ नका, मागच्या बाजूला बसा, नजर क्षितिजावर, मोबाईल खिशात. डिझेलच्या धुरापासून लांब. आणि केळी नेऊ नका बरं का! हसाल तुम्ही, पण बऱ्याच कॅप्टनांना बोटीवर केळं म्हणजे अपशकुन वाटतो आणि ते खरंच धक्क्यावर उतरवायला लावतात. मेटला टीप भाड्याच्या पंधरा ते वीस टक्के, रोख, मासा मिळो न मिळो, कारण तुम्ही झोपलेले असताना आमिषाचे जिवंत मासे धरायला तोच उठलेला असतो.