जुना डिजिटल कॅमेरा : वाचक विचारतात

१९९५ ते २००५ या काळातले डिजिटल कॅमेरे कपाटातून पुन्हा बाहेर निघू लागले आहेत. काही जण ते जुन्या बाजारातून मुद्दाम शोधून आणतात. त्यांच्याकडून आलेल्या प्रश्नांपैकी हे काही.

प्रश्न (पुणे) : फ्लॉपीवर फोटो साठवणारा सोनी मॅविका एफडी७३ जुन्या बाजारात मिळाला. सोबत ना बॅटरी, ना फ्लॉपी. तो वापरात आणता येईल का?

येईल. बॅटरीची चिंता तर नकोच. याला सोनीची एनपी-एफ मालिकेतली बॅटरी लागते. एनपी-एफ५५० या मापाच्या बॅटऱ्या आजही सर्रास मिळतात, कारण व्हिडिओ शूटिंगचे छोटे एलईडी लाइट त्यांच्यावरच चालतात. मात्र हा कॅमेरा बॅटरीच्या आतली चिप तपासतो. स्वस्तातल्या बॅटरीत ती नसली, तर ‘फक्त इन्फोलिथियम (सोनीची चिपवाली) बॅटरी वापरा’ अशा अर्थाची सूचना झळकते आणि कॅमेरा बंद होतो. लाइटला चालते म्हणून कॅमेऱ्याला चालेलच असं नाही. कॅमेरा दुकानात नेऊन, बॅटरी लावून बघा आणि मगच पैसे द्या.

खरी मेहनत फ्लॉपीची. साडेतीन इंची, १.४४ एमबीची, ‘एचडी’ छापलेलीच हवी. एका फ्लॉपीवर ६४० बाय ४८० पिक्सेलचे, ‘फाइन’ दर्जाचे साधारण १५ ते २० फोटो बसतात. आता मिळतात त्या सगळ्या फ्लॉप्या पडून राहिलेल्या, त्यामुळे कॅमेऱ्यात घालण्याआधी प्रत्येकीची धातूची झडप सरकवून आतली तबकडी उजेडात फिरवून बघा. सगळीकडे सारखा गडद तपकिरी रंग दिसला तर ठीक. पांढुरके ठिपके किंवा गोल रेघा दिसल्या, तर ती टाकून द्या. ती बुरशी ड्राइव्हच्या हेडला, म्हणजे फ्लॉपी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या भागाला, चिकटते आणि पुढची प्रत्येक फ्लॉपी त्याच हेडखाली ओरखडते. पुसून वापरण्याचा मोह टाळा.

चांगल्या वाटलेल्या फ्लॉप्या यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हला लावून संगणकावर पूर्ण फॉरमॅट करा. ‘क्विक फॉरमॅट’वरची खूण काढायला विसरू नका, नाहीतर खराब सेक्टर (तबकडीवरचे निकामी भाग) कळणारच नाहीत. कोपऱ्यातली सरकती पट्टी भोक बंद राहील अशी ठेवा. भोक उघडं असेल तर कॅमेऱ्याला फ्लॉपीवर लिहिता येत नाही. एवढं करूनही सी:१३ने सुरू होणारा संदेश आला, तर कॅमेऱ्याला ती फ्लॉपी फॉरमॅट नसलेली किंवा खराब वाटते आहे. दुसरी लावून पाहा. एकही चालत नसेल, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलवाली हेड साफ करायची फ्लॉपी एकदा फिरवा. कॅमेऱ्यात काढलेले फोटो कॅमेऱ्यात दिसतात पण कुठल्याच संगणकावर उघडत नाहीत, असं झालं तर बहुधा हेडची जुळणी सरकलेली असते. ती जुळवून देणारा माणूस आता मिळणं अवघड.

फोटोंबरोबर ‘.४११’ शेवट असलेल्या छोट्या फाइल दिसतील. कॅमेऱ्याच्या पडद्यावरची लहान चित्रं त्यांत असतात. संगणकावर त्यांचा उपयोग नाही.

प्रश्न (नाशिक) : चार पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा आहे. नवे कोरे अल्कलाइन सेल घातले तरी दहा-बारा फोटोंत ‘बॅटरी लो’ येतं. कॅमेरा बिघडला आहे का?

बहुतेक वेळा नाही. निकॉन कूलपिक्स ९५०सारखे १९९९च्या आसपासचे कॅमेरे मागचा पडदा, झूमची मोटर आणि फ्लॅश यांसाठी एकदम भरपूर करंट ओढतात. अल्कलाइन सेलचा आतला रोध जास्त असतो, त्यामुळे करंट वाढला की व्होल्टेज खाली बसतं. सेलमध्ये जीव शिल्लक असूनही कॅमेऱ्याला तो संपल्यासारखा वाटतो. तेच सेल काढून घड्याळात घाला, पुढे कित्येक महिने चालतील.

उपाय म्हणजे निकेल मेटल हायड्राइडचे, पडून राहिले तरी चार्ज टिकवणारे सेल. त्यांच्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं पाहून अनेक जण बिचकतात, पण लोडखाली ते व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत टिकतं. १९००–२००० एमएएचचे पुरेत. २५००च्या वर छापलेल्या आकड्यांना भुलू नका. चारही सेल एकाच वेळी घेतलेले हवेत आणि चार्जर प्रत्येक सेल स्वतंत्र भरणारा हवा. एक सेल अशक्त निघाला, तर बाकीचे तीन असून नसल्यासारखे.

त्याआधी सेलच्या कप्प्यातल्या स्प्रिंगा बघा. हिरवट-पांढरा थर म्हणजे गळलेल्या अल्कलाइन सेलचा क्षार. कापूस काडीवर थेंबभर पांढरं व्हिनेगर घेऊन तो पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. शिवाय फ्रेम जुळवायला वरची काच (डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर) वापरा आणि पडदा बंद ठेवा. फरक लगेच जाणवेल.

प्रश्न (कोल्हापूर) : स्मार्टमीडिया कार्ड संगणकात फॉरमॅट केलं. आता कॅमेरा ‘कार्ड एरर’ म्हणतो.

जुन्या कॅमेऱ्यांतलं हे मेमरी कार्ड जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचं, आत फक्त मेमरी, कंट्रोलर नाही. कुठला ब्लॉक कुठे आहे याचा हिशोब कॅमेरा किंवा कार्ड रीडर ठेवतो. संगणकावरून फॉरमॅट करताना कार्डाची ओळख सांगणारा भाग पुसला गेला, की कॅमेरा ते कार्ड झिडकारतो. कार्डावरचे फोटो हवे असतील तर आता काहीही लिहू नका. आधी फोटोरेकसारख्या मोफत प्रोग्रॅमने रीडरमधूनच शोध घ्या. नंतर कॅमेऱ्याच्या मेनूतून फॉरमॅट करून पाहा. जमलं नाही, तर दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यात तेच करा, कधी कधी तो ऐकतो. नवं कार्ड घ्यायची वेळ आली तर दोन गोष्टी तपासा : कॅमेरा ३.३ व्होल्टचं कार्ड मागतो की ५ व्होल्टचं, आणि जास्तीत जास्त किती एमबी चालतात. स्मार्टमीडियाची मजल १२८ एमबीपर्यंतच, आणि सुरुवातीच्या कॅमेऱ्यांना तेवढंही झेपत नाही.

प्रश्न (रत्नागिरी) : २००४ साली घेतलेल्या कॅमेऱ्यात पडद्यावर जांभळट रंग आणि आडव्या रेघा दिसतात. पडदा बदलू का?

घाई करू नका. मेनू उघडा, कार्डावरचे जुने फोटो बघा. तेही विस्कटलेले दिसले तर दोष पडद्याचा किंवा त्याच्या पट्टीवजा केबलचा. ते स्वच्छ दिसत असतील आणि फक्त समोरचं दृश्य बिघडत असेल, तर सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपून फोटो बनवणारी चिप, गेला आहे. ऑक्टोबर २००५मध्ये सोनीने बनवलेल्या सीसीडी प्रकारच्या सेन्सरमधला असाच दोष जाहीर झाला होता. हे सेन्सर अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत होते. आतल्या बारीक तारांचे जोड उष्ण, दमट हवेत सुटत. कोकणात हे घडायला पोषक हवा बारा महिने. तेव्हा कंपन्या दुरुस्ती फुकट करून देत, आता ती सोय राहिलेली नाही. दुसऱ्या बंद कॅमेऱ्यातला सेन्सर बसवता येतो, पण तो त्याच काळातला असेल तर त्याचाही भरवसा नाही.

घरी उघडून बघण्याचा विचार असेल तर थांबा. फ्लॅशचा कपॅसिटर ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज होतो आणि सेल काढल्यावरही बराच वेळ भरलेला राहतो.

प्रश्न (पणजी) : ६४० बाय ४८०च्या फोटोचा प्रिंट किती मोठा निघेल?

३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) सुमारे २.१ बाय १.६ इंच. १५० डीपीआयने ४.३ बाय ३.२ इंच, अल्बमला तेवढं पुरे. लॅबवाल्याला पूर्ण कागद भरणारा ‘फिल’ प्रिंट नको म्हणून सांगा. ४ बाय ६च्या कागदाचं प्रमाण वेगळं असल्यामुळे वर-खाली डोकी-पाय कापले जातात.